पुढचा भाडेकरू

इंगोलश्टाटच्या मराठी मंडळींत माझ्याबद्दल एक मत पक्कं आहे. बाई भांडते, पण न्यायासाठी भांडते. हे मत बरंचसं मीच पसरवलेलं आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षं ब्रेकच्या चाचण्या करते. सुरुवातीला आमच्या विभागात मी एकटीच बाई आणि एकटीच परदेशी होते, त्यामुळे मीटिंगची टिपणं काढायचं काम न सांगता माझ्याकडे यायचं. दुसऱ्या महिन्यात मी वही साहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, आता आळीपाळीनं. ही गोष्ट मी इतक्यांना ऐकवली आहे की ती सुरू झाली की माझी मुलगी कपाळाला हात लावते आणि जर्मनमध्ये म्हणते, झालं हिचं सुरू.

हे आधी सांगितलं, कारण आता जे सांगायचंय त्यात मी भांडले नाही. माझ्याकडून फक्त एकदा तोंड उघडण्याची अपेक्षा होती. मी उघडलं, दोन शब्द बोलले, आणि ते माझ्या मैत्रिणीच्या विरुद्ध गेले. ही गोष्ट मी मंडळात आजवर कुणाला ऐकवलेली नाही.

ती मला पहिल्यांदा भेटली मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात. चर्चच्या मागचा हॉल आम्ही भाड्यानं घेतो, तिथं. हातात कागदी ताटली धरून ती भिंतीपाशी उभी होती. अकोल्याची, मेकॅनिकल इंजिनीअर, दोन महिन्यांपूर्वी इथं आलेली, एका लहान कंपनीत डिझाइनचं काम. आमच्यातल्या एका बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलंच, "आडनावावरून काही लक्षात येत नाही हो तुमच्या." प्रश्न कुठे चाललाय हे तिला चांगलं ठाऊक होतं. बसचा नंबर सांगावा तसं तिनं सांगितलं, "आम्ही बौद्ध." मग दोघीतिघी एकदम म्हणाल्या, "अरे वा, छान छान!" आणि एकीनं, "इथं कुठं काय असतं असलं!" असं म्हणून गुलाबजाम पुढे केले. परत येताना गाडीत मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. छान काय त्यात? आम्ही देशस्थ म्हटल्यावर कुणी छान छान म्हणतं का? तो गाडी चालवत हं हं करत राहिला.

मला ती आवडली. पुढच्या शनिवारी मी तिला जेवायला बोलावलं, आणि मग ती दर शनिवारी येऊ लागली. तिचा नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. सासरचे महिनाभरात लांब झाले. आईकडे राहून तिनं नोकरी केली, जर्मन शिकली, आणि मुलीला आईपाशी ठेवून इथं आली. मुलगी आजीला माय म्हणायची आणि हिला मम्मी. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून ती रोज दुपारी लागणारा व्हिडिओ कॉल शनिवारी मला दाखवायची. आमच्याशी ती पुस्तकी मराठीत बोलायची, पण फोन लागला की वऱ्हाडी सुरू. "जेवली का तू? मायले त्रास देते का?" पलीकडे एक मोठ्या डोळ्यांची पोर मान हलवायची आणि फोन उलटा धरून छत दाखवायची.

तिचं सगळं गणित एका गोष्टीवर होतं. मुलगी सहा वर्षांची होत होती. इथं शाळा सप्टेंबरात सुरू होते. पहिलीतच तिला इथं आणलं तर भाषा येईल, मैत्रिणी होतील, आपल्यासोबत वाढेल. उशीर झाला तर सगळंच अवघड. पण ती राहायची वेगेमध्ये, म्हणजे चौघांत एक स्वयंपाकघर असलेल्या घरातल्या एका खोलीत, आणि करारात लिहिलेलं, एकच व्यक्ती. मुलीच्या व्हिसाच्या अर्जाला पुरेशी जागा असलेला भाडेकरार जोडा, असं तिला त्या वेळी सांगण्यात आलं होतं. घर मिळालं तर मुलगी, नाही तर नाही.

इथं घर मिळवणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. आम्ही नवे असताना माझी मुलगी पोटात होती आणि मी घरं बघत हिंडत होते. फोनवर सगळे गोड बोलायचे. आडनाव सांगितलं की घर आत्ताच गेलेलं असायचं. तेव्हाचा राग माझ्या अंगात अजून आहे. म्हणून ती घर शोधू लागली तेव्हा मी पदर खोचला. आम्ही दोघींनी एक उद्योग केला. एकच मजकूर, तीच नोकरी, तोच पगार, आणि खाली एकदा तिचं नाव, एकदा एक बनवलेलं जर्मन नाव. त्या न जन्मलेल्या जर्मन बाईला घर बघायला या म्हणून निरोप यायचे. हिला बहुतेक ठिकाणाहून उत्तरच नाही. मग नगरपालिकेनं घरटंचाईवर नागरिकांची सभा घेतली तेव्हा मी ते सगळे कागद घेऊन उभी राहिले. माझं जर्मन रागात फार सुधारतं. मी म्हटलं, तुम्ही आमचे हात कारखान्यात घेता आणि नाव दारातून परत पाठवता. टाळ्या पडल्या. गावातल्या पेपरात फोटो आला. फोटोत मी पूर्ण आहे आणि माझ्या मागे कागद धरून उभी असलेली ती, कोपरापर्यंत. तो पेपर माझ्या सासूबाईंनी पुण्यात सोसायटीभर दाखवला.

आता आमच्या त्या वेळच्या घराबद्दल सांगायला हवं. तीन खोल्यांचं, पहिल्या मजल्यावरचं, समोर लिंडेनची झाडं. मालकीण ऐंशी ओलांडलेली विधवा, खालच्या मजल्यावर राहायची. आम्ही तिला आपसात आजी म्हणायचो. तिचं एक तत्त्व होतं. जाहिरात द्यायची नाही, जाणाऱ्या भाडेकरूनं पुढचा सुचवायचा. इथं त्याला नाखमीटर म्हणतात. त्या घरात पहिल्यांदा आमच्या मंडळाचे एक काका आले, त्यांनी जाताना दुसऱ्या मराठी कुटुंबाला बसवलं, त्यांनी आम्हाला. काकांनी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात लाकडी देव्हारा ठोकला होता. तोही घराबरोबर हातोहात येत गेला.

आम्ही घर बघायला गेलो तेव्हा आजींनी मला एकच प्रश्न विचारला होता. जिन्यात फार वास येत नाही ना तुमच्या स्वयंपाकाचा? आणि मी, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, पुढे होऊन म्हटलं होतं, छे, आम्ही मांस-मासे घरात आणतच नाही. आम्ही सगळे असेच असतो. आमच्यातले काही असे असतात, एवढंच खरं होतं. माझा नवरा कँटीनमध्ये रोज कोंबडी खायचा. पण त्या 'आम्ही सगळे'नं घर मिळालं, आणि मी घरी येऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली. आजींच्या डोक्यात एक चित्र बसलं. हे लोक चपला बाहेर काढतात, कचरा नीट वेगळा करतात, मोठ्यानं बोलत नाहीत आणि पाला खातात. चांगले लोक.

वसंतात आम्हाला गावाबाहेर स्वतःचं घर मिळालं. जूनअखेर ते तीन खोल्यांचं घर सोडायचं होतं. ज्या शनिवारी ठरलं त्याच शनिवारी मी तिला म्हटलं, हे घर तुझं. आजी माझ्या शब्दाबाहेर नाहीत. ती उठली. आतल्या छोट्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावले तर ती वितीनं भिंत मोजत होती. "पलंग इथं बसेल, ताई," ती म्हणाली, "खिडकी पायाशी. तिला उजेड आवडतो."

पुढच्या शनिवारी ती निळा पुठ्ठा घेऊन आली. इथं पहिलीत जाणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी मोठा कागदी शंकू देतात, शूलट्यूटे, गोळ्या-चॉकलेट आणि पेन्सिली भरलेला. पोरं स्वतःएवढी ती शूलट्यूटे कवटाळून फोटो काढतात. एप्रिल चालू होता आणि शाळा सप्टेंबरात. मी हसले. ती म्हणाली, "तिनं निळी सांगितली आहे आणि वर ससे. मला ससे काढता येत नाहीत, आत्तापासून सराव करायला लागेल." माझी मुलगी तिला मावशी म्हणायची. ती जेवणाच्या टेबलावर चढून बसली आणि जर्मनमध्ये हुकूम सोडू लागली, कान लांब, अजून लांब. मावशी मराठीत उत्तरं देत होती. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.

मेमध्ये माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. त्यांना ती आवडायची, हे मी खरं सांगते. "पोरगी गुणी आहे हो," त्या म्हणायच्या. तिच्यासाठी त्यांनी पुण्याहून भाजणी आणली होती. घर तिला जाणार हे कळलं तेव्हा त्या वाटी पुसत म्हणाल्या, "मग देव्हाऱ्याचं काय?"

"आपण काढून नेऊ, आई."

"काकांनी ठोकलेला? इतकी वर्षं रोज दिवा लागतो तिथं. त्यांना विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. पण दोन दिवसांनी काकांचाच फोन आला. काका वाईट माणूस नाही. नव्या मुलांना विमानतळावरून आणायला स्वतः म्युनिकला जाणारा माणूस. ते म्हणाले, "अगं, पुण्याचं एक जोडपं आलंय, अगदी तुमच्यासारखं. साधं, शाकाहारी. हॉटेलात राहतायत बिचारे. आपलं घर आहे, तर आपल्यातच राहू दे."

"काका, तीही आपल्यातलीच आहे ना?"

"हो गं, हो. तसं नाही म्हणत मी." मग म्हणाले, "एकटी बाई, मूल, नोकरी, कसं व्हायचं? उद्या काही झालं तर आजी पुन्हा आपल्या लोकांना घर देणार नाही. सगळ्यांचा विचार करायचा असतो."

मी म्हटलं, बघते. ज्या बाईनं नगरपालिकेत टाळ्या घेतल्या ती बघते म्हणाली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू म्हणशील तसं, फक्त मंडळात वाकडेपणा नको, गणपतीत आपल्या मुलीचा नाच आहे. सासूबाई त्या आठवड्यात देव्हारा जरा जास्तच घासत होत्या. कुणीही तो शब्द उच्चारला नाही. सगळं वासाबद्दल होतं, दिव्याबद्दल, एकट्या बाईबद्दल, आजींच्या विश्वासाबद्दल. कुणी एकानं जरी सरळ म्हटलं असतं, तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. त्याचीच मी वाट बघत होते की काय, कोण जाणे. माझ्या भांडणाला समोर माणूस लागतो.

मग तो बुधवार. सकाळी ऑफिसला निघताना मी पिवळी कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरत होते. आजी खालच्या दाराशी झाडू घेऊन उभ्या. त्यांच्या काखेत दोन फायली होत्या. एक माझ्या मैत्रिणीची, मीच नीट लावून दिलेली, आणि दुसरी त्या जोडप्याची. काका आदल्या दिवशी स्वतः येऊन देऊन गेले होते. आजी म्हणाल्या, दोन्ही चांगल्या दिसतात, मला काही कळत नाही, तुम्ही सांगा. ही तुमची मैत्रीण, ती तुमच्यासारखीच आहे ना?

या प्रश्नात काहीही वाकडं नव्हतं. म्हातारीला एवढंच विचारायचं होतं की ही बाई कचरा वेगळा करेल का, भाडं वेळेवर देईल का, जिन्यात मला गुटन मॉर्गन म्हणेल का. उत्तर होतं, जा, गेनाऊ. हो, अगदी. हे दोन शब्द मी ऑफिसात दिवसातून शंभरदा म्हणते, कधी कधी समोरचा काय म्हणतोय हे न ऐकताही.

मी म्हटलं, "निश्त गान्त्स."

अगदी तशी नाही.

माझ्या मनात तेव्हा काय होतं हे मी इतक्या वेळा उलटूनपालटून पाहिलंय की आता खरं कोणतं आणि नंतर घातलेलं कोणतं हे सांगता येत नाही. एका शनिवारी तिनं डब्यातून आणलेला कोंबडीचा रस्सा मनात होता, आणि 'आम्ही सगळे असेच' हे माझंच वाक्य. काकांचा आवाज होता. मंडळाच्या हॉलमधल्या बायका होत्या. आणि या सगळ्याखाली, अगदी तळाशी, आणखी काहीतरी होतं. ती अगदी माझ्यासारखीच आहे, हे मोठ्यानं म्हणायला माझी जीभ वळली नाही. तिच्याबरोबर जेवले, तिच्यासाठी भाषण केलं, तिची फाइल लावून दिली. तिच्यासाठी सगळं केलं. ती माझ्यासारखी आहे एवढं मात्र म्हटलं नाही. हे न कळत झालं असं म्हणणं मला सोयीचं आहे, पण ते खोटं आहे. बोलून झाल्यावर सुधारायला मला दारापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंतचं सगळं अंतर होतं. आजी मान हलवत म्हणाल्या, आल्झो, बरं, कळलं. मी कचऱ्याची पिशवी पिवळ्या डब्यात टाकली आणि गाडी सुरू केली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, घर नाही मिळालं."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "अगं, असं कसं!" मी चिडले. मी आजींना नावं ठेवली. म्हटलं, वरवर गोड, शेवटी सगळे सारखेच, मी उद्या बोलते त्यांच्याशी. ती म्हणाली, "नको, ताई. जाऊ द्या. बोलू नका." मला वाटलं, किती समजूतदार. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

जूनअखेर आम्ही घर सोडलं. पुण्याचं जोडपं आलं. देव्हारा जागेवर राहिला. सप्टेंबरात गावभर पोरं रंगीत शूलट्यूटे घेऊन चालली होती. त्या आठवड्यातल्या शनिवारी ती आली आणि नेहमीसारखी कांदा चिरायला बसली. मला तिच्याकडे बघवेना. मी विचारलं, "मुलीची शाळा?" ती म्हणाली, "अकोल्यातच घातली पहिलीत. रिक्षा लावली आहे."

तिला घर मिळालं ते सव्वा वर्षानं, दूरच्या एका खेड्यात, जिथं तासाला एक बस जाते. तिनं मुलीला फोनवर खोल्या दाखवल्या. मुलगी तोवर दुसरीत होती. तिची शाळा होती, शेजारची मैत्रीण होती, आणि मायचे गुडघे दुखायचे, त्या गुडघ्यांना तेल लावायचं काम हिच्याकडे होतं. ती म्हणाली, "मी नाही येत. माय एकटी राहते ना मग. तूच ये." सहा वर्षांची असताना तिला कुणी विचारलं नसतं. उचलून आणली असती, चार दिवस रडली असती, मग सशांच्या मागे लागली असती. आता ती विचारण्याजोगी मोठी झाली होती आणि तिनं उत्तर दिलं होतं. ओढून आणणं मैत्रिणीला जमेना. तिला घरी पैसे पाठवायचे होते, परत जाऊन तसली नोकरी मिळणार नव्हती. ती त्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली.

एवढं होऊनही तिचे शनिवार चुकले नाहीत. दोन बस बदलून यायची. मी तिला जास्त जपू लागले. तिच्या आवडीची वांगी आणून ठेवायची, जाताना डबे भरून द्यायची, थंडीत नवा कोट घेऊन दिला. एकदा माझ्या घरात, नव्या घरात, मी मुद्दाम मटण केलं. तिनं चव घेऊन सांगितलं, मसाला कच्चा राहिलाय. आम्ही हसलो. माझ्या मनात येई, तिला माहीत नाही, आणि आता सांगून काय होणार. मग मनात येई, आपण इतकं करतोय, फिटलं असेल. आपलं मन आपल्याला किती स्वस्तात सोडतं, याचा मला तेव्हा शोध लागला.

मागच्या उन्हाळ्यात तिची आई आणि मुलगी यायच्या होत्या. ऐन वेळी आईचे गुडघे अडले आणि एका ओळखीच्या बाईंबरोबर मुलगी एकटीच आली, तीन आठवड्यांसाठी. साडेआठ वर्षांची, दोन वेण्या, फार शिस्तीची. मला वाकून नमस्कार केला. आईशी ती पाहुण्यांशी बोलावं तसं बोलत होती. "मम्मी, पाणी घेऊ का?" स्वतःच्या आईच्या घरात पाणी विचारून.

दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघी मुलींना घेऊन आमच्या घरामागच्या खेळाच्या मैदानावर गेलो. आम्ही बाकावर बसलो. मुली दोरांच्या जाळीवर चढत होत्या. माझी मुलगी जर्मनमध्ये ओरडत होती, तिची वऱ्हाडीत, आणि त्यांचं बरं चाललं होतं. मग तिच्या मुलीचा पाय निसटला आणि ती खडीवर पडली. फार लागलं नव्हतं, गुडघा खरचटला. पण ती जोरात रडली, "माय!"

मैत्रीण धावली. तिनं पोरीला जवळ घेतलं, गुडघ्यावर फुंकर घातली. पोर तिचे हात बाजूला करत होती. "तू नाही," ती हुंदके देत म्हणाली. "मले माय पाहिजे. मायले फोन लाव."

तिनं फोन लावला. मुलगी फोन घेऊन जाळीखाली जाऊन बसली आणि आजीशी बोलता बोलता शांत झाली. मैत्रीण बाकावर परत आली. तिच्या हाताला पोरीचं थोडं रक्त लागलं होतं. ते ती रुमालानं सावकाश पुसत राहिली. रडली नाही. मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला वाटलं, आता नाही सांगितलं तर माझा जीव जाईल.

म्हणून मी सांगितलं. जिना, फायली, आजींचा प्रश्न, माझे दोन शब्द. मी रडत होते. मी म्हटलं, हे सगळं माझ्यामुळे झालं. पडल्यावर ती आज तुझ्याकडेच आली असती. मला माफ कर.

ती रुमालाची घडी घालत होती. म्हणाली, "मला माहीत आहे, ताई."

मला आधी कळलंच नाही.

"त्याच दिवशी दुपारी आजींनी फोन केला होता. चांगली बाई आहे, कारण सांगितलं. म्हणाली, तुमची मैत्रीण म्हणते, तुम्ही अगदी तिच्यासारख्या नाही. म्हणजे काय हो? तिला खरंच कळत नव्हतं. मनात आलं, समजावून सांगावं. पण कुठून सुरुवात करू? मी म्हटलं, मी मटण खाते. तर ती म्हणाली, मीही खाते की. पण आता त्या दोघांना हो म्हणून बसले."

"आणि तू मला संध्याकाळी फोन केलास."

"हो. म्हटलं, तुम्ही सांगाल."

मैदानावर कुणीतरी झोका घेत होतं, त्याच्या साखळ्या करकरत होत्या. मी विचारलं, "मग तू एवढी वर्षं येत का राहिलीस?"

"दुसरं कुठलं मराठी घर होतं मला?" तिचा आवाज चढला नव्हता. "आठवडाभर जर्मन, खोलीत गेलं की भिंती. तुमच्याकडे कांदा चिरताना बोलता यायचं. सुरुवातीला राग यायचा, बसमध्ये ठरवायची की आज बोलायचं. मग तुम्ही दार उघडून म्हणायच्या, आलीस का गं, केवढी गारठलीस. म्हटलं, मला माहीत आहे हे यांना माहीत नाही, तोवर चालेल. तोवर बसता येईल."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, मग हळूच सोडवून घेतला.

"तुम्ही सांगायला नको होतं, ताई," ती म्हणाली. "आता मला येता यायचं नाही."

तिनं मुलीला हाक मारली, गुडघ्यावर पाण्याचा हात फिरवला, वेणी नीट केली. माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून मराठीत म्हणाली, नीट अभ्यास कर. चार वाजून काही मिनिटांची बस होती, ती त्यांनी पकडली. मी थांब्यापर्यंत गेले. मुलीनं मला पुन्हा वाकून नमस्कार केला.

तिच्यावर अन्याय मी एकदाच केला, असं मी समजत होते. त्या बाकावर मी दुसरा केला, तोही रडत, माझं मन हलकं व्हावं म्हणून, आणि तिच्याकडे या देशात उरलेलं एकच घर काढून घेतलं. आता ती शनिवारी कुणाशी मराठी बोलते, मला माहीत नाही.